पिकअपचा ऑइल फिल्टर : कोणता घ्यायचा आणि का



मागच्या अंकातला जमाखर्च वाचून आपल्या एका ज्येष्ठ देणगीदारांचे पत्र आले. ‘गाडी देखभाल’ या सदराखाली ऑइल फिल्टरची रक्कम पाहून त्यांना आश्चर्य वाटले होते. त्यांच्या मुलाचा भाजीचा टेम्पो आहे. त्याला तसाच दिसणारा फिल्टर याच्या जवळजवळ एक-तृतीयांश किमतीत मिळतो. मग पाड्यांवरच्या कामासाठी लोकांनी दिलेल्या पैशांतून महागडा डबा कशाला घ्यायचा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

प्रश्न रास्त आहे. तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतः आमच्या चालक मामांना विचारला होता, आणि तेव्हा स्वस्त फिल्टर बसवायला सांगणारीही मीच होते. म्हणून उत्तर मीच द्यावे असे कमिटीने ठरवले. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत आम्हाला ग्रीक क्रियापदे शिकवली, फिल्टर शिकवला नाही. पुढे जे लिहिते आहे ते मिस्त्रींजवळ बसून, हात काळे करून आणि गाडीची पुस्तिका वाचून शिकलेले आहे.

आधी तो प्रसंग सांगते. जुलै महिना होता, भातलावणीचे दिवस. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर चिखलणी करताना एका तरुण शेतकऱ्याच्या पायाला फाळ लागून मोठी जखम झाली. पेठला पट्टी बांधली, पण शीर तपासायला नाशिकला न्या असे सांगितले. आमची पिकअप बियाण्याच्या गोण्या उतरवून रिकामी झालीच होती. तो पुढे माझ्या शेजारी बसला, बायको आणि भाऊ मागे ताडपत्रीखाली. सावळघाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत होती, पाऊस कोसळत होता, आणि मामांनी एकदम गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. “ताई, ऑइलचा लाल दिवा लागला.”

मी म्हणाले, “मामा, गाडी चालते आहे ना? निदान घाट तरी चढू या.” मामा म्हणाले, “चालते आहे म्हणूनच बंद केली. अजून दोन मिनिटं चालवली तर पुन्हा कधीच चालायची नाही.” मागून त्या तरुणाची बायकोही तेच विचारत होती, चालणारी गाडी बंद का केली म्हणून. पावसात, जखमी माणूस शेजारी असताना, मामांना ती चावी फिरवणे किती जड गेले असेल ते मला आज कळते. दहा-पंधरा मिनिटांनी भाजीचा एक टेम्पो आला. त्याने तिघांनाही नाशिकला पोहोचवले. पाय वाचला. आम्ही मात्र संध्याकाळपर्यंत घाटात होतो.

गाडीखाली पाहिले तर रस्त्यावर ऑइलचा काळा पट्टा पाऊस धुऊन नेत होता. फिल्टरची रबर रिंग एका बाजूने पिळवटून बाहेर आली होती आणि तिथून सगळे ऑइल निघून गेले होते. फिल्टर तीन आठवड्यांपूर्वीच बसवलेला होता. तोच, माझ्या आग्रहाने घेतलेला, स्वस्त.

त्या लाल दिव्याबद्दल थोडे सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी गाड्या आहेत. डॅशबोर्डवरचे ते तेलाच्या झारीचे चित्र ऑइल कमी झाले असे सांगत नाही, ऑइलचा दाब गेला असे सांगते. ऑइल किती आहे ते गेजपट्टी सांगते. दाब गेला म्हणजे क्रँक ज्या बेअरिंगांत फिरतो तिथे ऑइलचा पातळ थर उरला नाही आणि धातू धातूवर घासू लागला. हा थर काही मायक्रॉनचाच असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. यावरून थर किती नाजूक ते लक्षात येईल. टर्बो असलेल्या गाडीत तर टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तीही ऑइलवरच तरंगत. म्हणून लाल दिवा दिसला की पुढच्या गावापर्यंत, पुढच्या गॅरेजपर्यंत असा विचारच करायचा नाही. तिथेच बंद.

आता फिल्टर. इंजिनच्या तळाशी चेंबर असते, त्यातून पंप ऑइल उचलतो आणि फिल्टरमधून गाळून बेअरिंगांकडे पाठवतो. गाडी चालू असताना चेंबरमधले सगळे ऑइल मिनिटाला कित्येकदा या वाटेने फिरते. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात एवढी सोय नव्हती, पंपाच्या तोंडाला जाळी लावली की झाले. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२३ च्या सुमारास मोटारीसाठी ऑइल फिल्टर बनवला आणि त्याला प्युरोलेटर हे नाव दिले. ते नाव आपल्याकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आजही ऐकू येते. हाताने फिरवून बसवायचा आणि तसाच काढून टाकायचा पत्र्याचा डबा १९५० च्या दशकात आला. काही नव्या इंजिनांत पुन्हा वेगळी पद्धत आहे : झाकण उघडायचे आणि आतला कागदी गाळाच फक्त बदलायचा. आपल्या पिकअपला डबा आहे, म्हणून पुढचे सगळे डब्याबद्दल.

घाटातल्या प्रकरणानंतर मिस्त्री म्हणाले, “ताई, बाहेरून बघून तुम्हाला काही कळायचं नाही. कापून दाखवतो.” मी स्वतःच्या पैशांनी तीन नवे फिल्टर आणले. एक गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, दुसरा फिल्टरच बनवणाऱ्या एका नावाजलेल्या कंपनीचा आणि तिसरा तो स्वस्त, ज्याच्या खोक्यावर नाव होते पण पत्ता नव्हता. तिघे शेजारी ठेवले तर सख्खी भावंडे वाटावीत. मिस्त्रींनी कटरने तिघांच्या कडा कापल्या आणि आतले भाग वर्तमानपत्रावर मांडले.

सगळ्यांत आधी नजरेत भरतो तो घड्यांचा पिवळसर कागद. स्वस्तातल्या डब्यात घड्या कमी होत्या आणि एका ठिकाणी दोन घड्या चिकटून फट पडली होती. पण नुसत्या घड्या मोजून निकाल देऊ नये हे मिस्त्रींनी तेव्हाच सांगितले. साधा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, महागात काचेसारख्या बारीक कृत्रिम धाग्यांचा असतो, दोन्हींचे मिश्रणही असते. चांगल्या धाग्याच्या गाळ्याला घड्या कमी असूनही तो जास्त गाळू शकतो. कागदाच्या दोन्ही टोकांना बसवलेल्या चकत्या काही फिल्टरांत पत्र्याच्या, काहींत पुठ्ठ्याच्या असतात. पुठ्ठा दिसला म्हणजे वाईटच असे नाही. पाहायचे ते चिकटवण. कागद आणि चकती यांमध्ये नख जाईल एवढी फट असेल तर ऑइल गाळ्यातून न जाता त्या फटीतून जाते, आणि मग कागद कितीही भारी असला तरी काय उपयोग?

खरा फरक मात्र कागदात नव्हता, दोन छोट्या झडपांत होता.

पहिली झडप रबराची, बशीसारखी, डब्याच्या तोंडाशी आतून बसते. गाडी रात्रभर उभी राहिली की फिल्टरमधले ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून ती आहे. ती नसली किंवा कडक झाली तर सकाळी गाडी चालू केल्यावर फिल्टर भरेपर्यंत काही सेकंद बेअरिंगांना ऑइलच मिळत नाही. तुम्ही ऐकले असेल, काही गाड्या सकाळी चालू होताच खडखडतात, दिवा जरा उशिरा विझतो आणि मग आवाज थांबतो. प्रत्येक वेळी कारण हेच असते असे नाही, पण अनेकदा असते. साधे काळे रबर उष्णतेने लवकर कडक होते, सिलिकॉनचे जास्त टिकते आणि बऱ्याचदा लाल किंवा केशरी असते. पहिल्या दोन डब्यांत ही झडप होती आणि बोटाने दाबली की लवचिकपणे परत येत होती. तिसऱ्या डब्यात ती नव्हतीच. तिथे एक पातळ चकती ठेवलेली होती, जी काहीच अडवत नव्हती.

दुसरी झडप स्प्रिंगची. थंडीत, पहाटे ऑइल दाट असते, किंवा फिल्टर घाणीने भरत आलेला असतो. अशा वेळी ऑइल कागदातून पुरेसे जाऊ शकत नाही. मग ही झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जाऊ देते, कारण गाळलेले ऑइल नसण्यापेक्षा न गाळलेले ऑइल परवडले. ती किती दाबाला उघडावी हे इंजिन बनवणारा ठरवतो. स्प्रिंग फार नरम असेल तर झडप कायमच अर्धवट उघडी राहते, म्हणजे फिल्टर नावालाच. फार कडक असेल तर कागद फाटू शकतो. स्वस्त डब्यातली स्प्रिंग मिस्त्रींनी अंगठ्याने दाबली तर सहज आत गेली. बाकीच्या दोघांच्या स्प्रिंगा दाबायला जोर लागला. हे काही प्रयोगशाळेचे मोजमाप नाही, पण अंगठ्यालाही कळेल एवढा तो फरक होता.

आणि घाटात रिंग बाहेर आली ती कशाने? मिस्त्रींनी तो फुटलेला डबा नव्या डब्याशेजारी धरला आणि आटे दाखवले. फिल्टरांच्या आट्यांची दोन मापे एकमेकांच्या फार जवळची आहेत. एक मिलिमीटरमधले, २० मिमी व्यासाचे. दुसरे इंचातले, पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, इंचाला १६ आटे. दोन्हींचे आटे जवळजवळ तितक्याच अंतरावर असल्यामुळे २० मिमीचा डबा पाऊण इंचाच्या नळीवर फिरतो आणि रिंग दाबली गेली की घट्ट बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आट्यांनी एकमेकांना अर्धवटच धरलेले असते. दाब वाढला की डबा किंचित सैल होतो आणि रिंग निसटते. आमच्या बाबतीत नेमके हेच झाले की रिंगच वाईट होती, हे मिस्त्रींनाही छातीठोक सांगता आले नाही. मात्र “दुकानदार म्हणाला चालतं” एवढ्यावर डबा बसवायचा नाही, हे मला तेव्हापासून पक्के झाले. खोक्यावर, आणि डब्यावरही, पार्ट नंबर असतो. तो आपल्या गाडीच्या मॉडेलशी आणि वर्षाशी जुळला पाहिजे. दिसायला सारखा म्हणजे सारखा नव्हे.

आता मायक्रॉनचा एक घोळ सोडवते, कारण खोक्यांवर मोठ्या अक्षरांत ‘२० मायक्रॉन’ वगैरे छापलेले असते. नुसत्या या आकड्याला अर्थ नाही. वीस मायक्रॉनचे कण अडवतो म्हणजे किती अडवतो? शंभरातले पन्नास की नव्व्याण्णव? दोन्ही डब्यांवर वीसच छापता येते. म्हणून या क्षेत्रातले लोक एक गुणोत्तर वापरतात : फिल्टरच्या अलीकडे किती कण आणि पलीकडे किती. अलीकडे दोन आणि पलीकडे एक, तर निम्मे अडले. अलीकडे पंचाहत्तर आणि पलीकडे एक, तर साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर अडले. फिल्टर तपासण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे, आयएसओ ४५४८-१२. तिच्यात ठरावीक मापाची धूळ ऑइलमध्ये पुन्हा पुन्हा मिसळून ते फिल्टरमधून फिरवतात आणि कण मोजतात. ती प्रमाणित धूळ मुळात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटावरून ओळखली जाते. सुरगाण्याच्या उन्हाळी रस्त्यावरची धूळ कुणी तिकडे पाठवली असती तर बरे झाले असते, असे मला दर मे महिन्यात वाटते.

मग सगळ्यांत बारीक गाळणारा, सगळ्यांत महाग फिल्टर का घेऊ नये? कारण फिल्टरकडून आपल्याला एकाच वेळी तीन गोष्टी हव्या असतात : बारीक गाळणे, भरपूर घाण साठवणे आणि ऑइलला सहज वाट देणे. बारीक जाळी लवकर भरते आणि वाट अडवते. हे तिन्ही साधायचे तर भारी धागा लागतो आणि किंमत वाढते. ज्याला ऑइल फार लांबच्या पल्ल्याने बदलायचे आहे त्याच्यासाठी तो खर्च योग्य असेल. आम्ही वेळेआधी बदलतो, म्हणून आम्हाला तो लागत नाही. पत्र लिहिणाऱ्या काकांना इथे दिलासा मिळेल, आम्ही सगळ्यांत महाग फिल्टर घेत नाहीच.

शिवाय डिझेल इंजिनचे ऑइल काळे का होते तेही सांगायला हवे. ती काजळी असते. तिचे कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि कोणताही साधा फिल्टर त्यांना अडवत नाही. ते सुटे सुटे तरंगत ठेवायचे काम ऑइलमधल्या रसायनांचे आहे. त्यामुळे बदलल्यावर दोन दिवसांत ऑइल काळे झाले म्हणजे फिल्टर वाईट, असा निष्कर्ष काढू नका. उलट काळे होणारे ऑइल आपले काम करते आहे. ऑइल दुधाळ किंवा चहासारखे दिसले तर मात्र काळजी करा, त्यात पाणी गेले आहे. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी गेजपट्टी नुसती पाहू नये, तिच्यावरच्या ऑइलचा रंगही पाहावा. लगद्याचा कागद पाण्याने फुगतो, घड्या वेड्यावाकड्या होतात आणि फिल्टर वेळेआधीच निकामी होतो.

इंजिनला खरी झीज देते ती धूळ, म्हणजे दगडाची पूड. ती ऑइलमधून येत नाही, हवेतून येते. एअर फिल्टर फाटका असेल, त्याच्या नळीचा क्लॅम्प सैल असेल, तर धूळ सिलिंडरमध्ये जाते, तिथून ऑइलमध्ये उतरते आणि मग ऑइल फिल्टर बिचारा किती पुरणार? माझे मत विचाराल तर एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करून भारी ऑइल फिल्टर बसवणे म्हणजे दार उघडे टाकून घर झाडत बसणे. उन्हाळ्यात आमचे मामा दर आठवड्याला एअर फिल्टरचे झाकण उघडतात.

मग आम्ही घेतो कोणता? आधीची थोडी माहिती. आपल्या सातपूर एमआयडीसीत महिंद्राचा कारखाना आहे, बोलेरो तिथे बनते. त्याच भागात बॉशचा कारखाना आहे, ज्याला जुने नाशिककर अजून मायको म्हणतात आणि ज्याच्यावरून मायको सर्कल हे नाव पडले. तिथे डिझेल गाड्यांचे इंजेक्टर बनतात. अशा शहरात राहून आपल्याला एक गोष्ट माहीत असायला हवी : गाडी बनवणारी कंपनी प्रत्येक भाग स्वतः बनवत नाही. फिल्टर सहसा फिल्टरच्या कारखान्यातून येतात. पुण्यात फ्लीटगार्ड, फरिदाबादला एलोफिक, अशा फिल्टर बनवणाऱ्या कंपन्या देशात आहेत. त्या स्वतःच्या नावाच्या खोक्यातही फिल्टर विकतात. म्हणून वॉरंटीत असलेल्या गाडीला कंपनीच्या खोक्यातलाच फिल्टर बसवावा, वाद नको. वॉरंटी संपलेल्या गाडीला नावाजलेल्या फिल्टर कंपनीचा, नेमक्या पार्ट नंबरचा डबाही चालतो आणि थोडा स्वस्त पडतो. आमच्या जुन्या पिकअपला आता आम्ही हाच दुसरा पर्याय वापरतो. तिसऱ्याचे नाव काढत नाही.

पण एक मोठी अडचण आहे. चांगल्या नावाचा खोका म्हणजे आत चांगला फिल्टर, असे दर वेळी होत नाही. डुप्लिकेट माल नामांकित कंपन्यांच्याच नावाने निघतो, बिननावाच्या कंपनीची नक्कल कोण करणार! त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडून जीएसटीच्या पक्क्या बिलावर घ्या. खोक्यावरची छपाई पुसट आहे का, होलोग्राम किंवा क्यूआर कोड आहे का, पार्ट नंबर खोक्यावर आणि डब्यावर एकच आहे का, ते पाहा. आट्यांत लोखंडाचा कीस राहिलेला दिसला तर तो डबा परत करा. कीस सरळ इंजिनमध्ये जातो. किंमत नेहमीपेक्षा फारच कमी सांगितली तर खूश होऊ नका. आणि नवा फिल्टर बसवल्यावर रिकामा खोका फाडून टाका. चांगल्या स्थितीतले रिकामे खोके विकत घेणारे लोक असतात आणि त्या खोक्यांत पुढे काय भरले जाते ते सांगायला नको. आमच्या कार्यालयात मी खोके पेन्सिली ठेवायला जपून ठेवत असे, आता ठेवत नाही.

किती किलोमीटरला बदलायचा हा पुढचा प्रश्न. प्रत्येक मॉडेलचा आकडा पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण. पण त्याच पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळा, कमी आकडा असतो, तो फार थोडे लोक वाचतात. धूळ, घाट, भार, थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या आणि उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे, हे सगळे कठीण वापरात येते. एक साधा हिशेब करून पाहा. महामार्गावर ताशी ५० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन २०० तास चालले. पाड्यांच्या वाटेवर सरासरी ताशी २० पडते, तेच १०,००० किलोमीटर म्हणजे ५०० तास. किलोमीटरचा काटा दोघांनाही सारखेच सांगतो, इंजिनने मात्र अडीच पट काम केलेले असते, तेही दुसऱ्या गिअरमध्ये, भार घेऊन. म्हणून आमच्या गाडीत आता एक वही आहे. मामा तिच्यात किलोमीटर लिहितात आणि किती तास गाडी चालली तेही अंदाजाने लिहितात. ऑइल आणि फिल्टर दोन्ही एकदमच बदलतो. नवे ऑइल घालून जुना फिल्टर ठेवणे हा लोकांचा आवडता काटकसरीचा प्रकार आहे, पण त्यात जुन्या फिल्टरमध्ये उरलेले घाणेरडे ऑइल नव्यात मिसळते आणि भरत आलेला कागद तसाच राहतो.

ऑइलच्या बाबतीत एवढेच : १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या विकल्या जातात. ज्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा गाळा आहे त्यांना कमी राख सोडणारे ऑइल लागते. जुन्या गाडीसाठी आणलेला डबा उरला म्हणून नव्या गाडीत ओतू नका.

फिल्टर बसवताना आमचे मिस्त्री काय करतात ते मी अनेकदा पाहिले आहे. इंजिन थोडे गरम असताना ऑइल सोडतात, म्हणजे ते पूर्ण उतरते. जुना डबा काढल्यावर त्याच्याबरोबर जुनी रिंग आली का ते आधी पाहतात. ती इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली तर दोन रिंगांमधून ऑइल हमखास फवारते. नव्या रिंगेला बोटाने स्वच्छ ऑइल लावतात. डबा तोंड वर असा उभा बसणारा असेल तर तो आधी ऑइलने भरून घेतात. रिंग टेकली की डबा हाताने साधारण पाऊण फेरा आवळतात, किंवा डब्यावर छापले असेल तेवढा. पाना लावत नाहीत. मग इंजिन चालू करून ॲक्सिलेटरला पाय न लावता दिवा विझण्याची वाट पाहतात, खाली वाकून गळती बघतात, बंद करून काही मिनिटांनी गेजपट्टी पाहतात. या सगळ्याला अर्धा तासही लागत नाही, पण घाई असलेल्या गॅरेजमध्ये यातली एखादी पायरी हमखास गळते. जमल्यास जवळ उभे राहा.

काढलेला फिल्टरही फेकू नका, आधी कापून पाहा. निदान वर्षातून एकदा. घड्यांत पितळी किंवा चंदेरी चकाकी दिसली तर बेअरिंग झिजते आहे. चुंबक फिरवून पाहा, पोलादाचे कण चिकटतात, ॲल्युमिनियमचे चिकटत नाहीत. आमच्या पिकअपचा घाटानंतरचा पहिला फिल्टर कापला तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. थोडी काजळी आणि थोडी रेती, चकाकी नव्हती. मिस्त्री मामांकडे पाहून म्हणाले, “मामा, तुम्ही गाडी बंद केली नसती तर ताईंना लाखाच्या घरातला खर्च आला असता.” मामा नुसते हसले. त्या दिवशी घाटात मी त्यांना काय बोलले होते ते त्यांनी मिस्त्रींना सांगितले नाही.

उरलेल्या जुन्या ऑइलचे काय? पाड्यांवर ते मागायला लोक येतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, बैलगाडीच्या आसाला लावतात. पूर्वी आम्ही देत होतो. आता देत नाही. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. सुरगाणा आणि पेठच्या डोंगरांतून पार, नार, दमणगंगेकडे वाहणारे ओढे हे तिथल्या बायकांच्या हंड्यांतले पाणी आहे. फिल्टरच्या तळाला भोक पाडून तो रात्रभर उलटा ठेवतो, निथळलेले ऑइल कॅनमध्ये भरतो आणि कॅन भरला की मिस्त्रींच्या गॅरेजमधून तो उचलला जातो. नाही म्हणताना जीवावर येते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना. त्याऐवजी आता वाळवीसाठी दुसरे काहीतरी सुचवावे लागते आणि ते दर वेळी सुचतेच असे नाही.

काकांना मी वेगळे पत्र पाठवले आहे आणि सोबत त्या तीन कापलेल्या डब्यांचा फोटो. त्यांच्या मुलाच्या टेम्पोचा फिल्टर कुठला आहे ते त्यांनी पाहून कळवावे अशी विनंती केली आहे. आमच्या गाडीचे पुढचे ऑइल मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी बदलायचे आहे. वहीत तारीख लिहून ठेवली आहे. त्या दिवशी ज्यांना गॅरेजमध्ये येऊन डबा कापताना पाहायचे असेल त्यांनी कार्यालयात सांगून ठेवावे. जुने कपडे घालून यावे.